न जमलेली जोड आणि उशिरा आलेला भिडू

मैत्रिणींनो, ‘मॅचमेकिंग’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पत्रिका, छत्तीस गुण आणि “मुलगा चांगला आहे हो, एकदा बघून तर घ्या” म्हणणाऱ्या कुणीतरी मावशी! पण हल्ली हाच शब्द आतल्या खोलीतून, कानाला हेडफोन लावून बसलेल्या आपल्या चिरंजीवांच्या तोंडून येतो. “काय मॅचमेकिंग आहे का हे! समोर सगळे पक्के खेळाडूच दिले!” आणि थोड्या वेळानं, “अर्धा खेळ झाल्यावर आत टाकलं मला. सगळं लुटून झालंय, आता काय माती मिळणार!”

आपण स्वयंपाकघरातून उत्तर देतो, “हरलास की दुसऱ्याचीच चूक. ठेव तो खेळ, आणि जेवायला ये.” विषय तिथं संपतो. निदान आपल्यापुरता तरी.

पण जरा थांबून ऐकलं, तर त्या चिडण्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. एक, माझी जोड बरोबरीच्या खेळाडूशी लावली नाही. दुसरी, खेळ सुरू झाल्यावर मला आत घातलं. या दोन्ही तक्रारी न्यायाच्या आहेत, आणि न्याय म्हणजे काय हे मूल पुस्तकातून कमी आणि खेळातून जास्त शिकतं. म्हणून आज या विषयाकडे थोडं नीट बघू या. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा दुपारभर मुलं घरातच असतात. ती काय खेळतात हे आईला ठाऊक असलेलं बरं.

हा खेळ तरी कसला?

आपल्याकडे मोबाइलवर जास्त चालतो तो ‘बीजीएमआय’. आधीचा ‘पबजी मोबाइल’ सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं बंद केला आणि २०२१ मध्ये तो या नव्या नावानं आला. त्याच्या मुख्य प्रकारात शंभर खेळाडू एकाच विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो. उतरायची जागा ज्याची त्यानं निवडायची, पण सुरुवात सगळ्यांची एकदमच. मागाहून कुणी येत नाही.

संगणकावर आणि प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर खेळणाऱ्या जरा मोठ्या मुलांमध्ये दुसरा एक प्रकार आला आहे. त्याला ‘एक्स्ट्रॅक्शन शूटर’ म्हणतात. नाव अवघड आहे, खेळ समजायला सोपा आहे. आपली हत्यारं, औषधं घेऊन एका ओसाड मुलखात शिरायचं, तिथलं सामान गोळा करायचं आणि ठरलेल्या वेळात, ठरलेल्या वाटेनं जिवंत बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर थैलीतलं सगळं तुमचं. आत मारले गेलात तर गोळा केलेलं गेलंच, बरोबर नेलेलंही बहुतेक सगळं गेलं. रशियातल्या एका कंपनीचा ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’ हा या प्रकारातला गाजलेला खेळ. २०१७ पासून तो कच्च्या स्वरूपात खेळला जात होता, पूर्ण होऊन आला नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्याच्या थोडं आधी, ३० ऑक्टोबर २०२५ ला, स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजचा ‘आर्क रेडर्स’ आला.

आता लक्षात येईल की या खेळात जोड चुकली किंवा उशीर झाला तर इतकं का झोंबतं. साध्या खेळात हरलं तर डाव जातो. इथं दोन-तीन संध्याकाळी खपून जमवलेली पुंजी जाते. भिशीचे पैसे घेऊन घरी निघालेल्या बाईची पर्स रस्त्यात कुणी ओढावी, तसं ते दुःख!

आखाड्यातली जोड

जोड लावणं ही काही संगणकाची कल्पना नव्हे. आपल्या वऱ्हाडातल्या गावोगावच्या दंगलीत पंच दोन पैलवानांना जवळजवळ उभं करतात, अंगकाठी बघतात, वय बघतात, मागच्या कुस्त्या विचारतात, मगच जोड लावतात. विजोड कुस्ती लावली तर बघणारेच ओरडतात. मुष्टियुद्धात तर आधी वजनकाटा, मग रिंगण. शाळांच्या स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात ते याचसाठी.

बुद्धिबळाला वजन नाही आणि वयाचंही बंधन नाही. मग तिथं बरोबरी मोजायची कशी? अर्पाद एलो नावाच्या, हंगेरीत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यावर एक हिशेब काढला. प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा. आपल्याहून वरच्याला हरवलं तर आकडा बराच वाढतो, खालच्याला हरवलं तर थोडासाच. खालच्याकडून हरलात तर मात्र चांगलाच घसरतो. अमेरिकेच्या संघटनेनं ही पद्धत १९६० मध्ये घेतली, जागतिक संघटनेनं १९७० मध्ये. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आकड्यानं हंपी वरचढ होती आणि दिव्या होती अवघी एकोणीस वर्षांची. म्हणजे आकडा जोड सांगतो, निकाल सांगत नाही. खेळाची गोडी त्यातच आहे.

संगणकावरच्या खेळांनी हाच हिशेब पुढे नेला. तुमचं मूल ‘खेळ सुरू करा’ ही कळ दाबतं आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहतं, तेवढ्या वेळात पलीकडचं यंत्र त्याच्या बरोबरीचे भिडू शोधत असतं. पण या यंत्राला एकाच वेळी तीन माणसांची मर्जी सांभाळायची असते, अगदी एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखी! खेळाडू सारख्या ताकदीचे हवेत. त्यांचं इंटरनेट एकमेकांशी वेगानं बोलायला हवं, नाहीतर गोळी आधी झाडूनही मरायचे आपणच. आणि वाट फार बघावी लागता कामा नये. रात्री दोन वाजता बरोबरीचे भिडू मिळत नाहीत, तेव्हा यंत्र मिळेल त्याला आणून उभं करतं. ‘समोर सगळे पक्के खेळाडू दिले’ ही तक्रार बऱ्याचदा अवेळी खेळण्याची असते. जागरण बंद करायला आईच्या हाती हे एक चांगलं कारण आलं, बरं का!

मग ताकद बघून जोड लावावीच का? वरच्या दर्जाची पोरं कुरकुरतात की आम्हाला कधी सोपा डावच मिळत नाही. याचा एक खराखुरा प्रयोग झाला आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा खेळ काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीनं काही खेळाडूंसाठी ताकदीचा विचार ढिला करून पाहिला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्यांत वरचे दहा टक्के खूश झाले. उरलेले नव्वद टक्के मात्र खेळाकडे परत येण्याचं कमी करू लागले. वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. हुशार मुलाला कसंही बसवा, तो शिकतो. मागच्या बाकावरच्याला रोज हरवलं, तर तो शाळेत येणंच सोडतो.

‘आर्क रेडर्स’मध्ये आणखी एक पाऊल टाकलं गेलं. कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की आधी ताकद बघतो, मग एकटे, दुकटे आणि तिघांचे गट वेगळे ठेवतो, आणि आता खेळाडूचा स्वभावही बघतो. म्हणजे जो दिसेल त्याला मारत सुटतो त्याच्यासमोर तसेच येण्याची शक्यता जास्त, आणि गपचूप सामान गोळा करून निघून जाणाऱ्याच्या वाट्याला शांत माणसं जास्त. लग्न जमवताना आपण तरी दुसरं काय बघतो? नुसत्या पगाराच्या आकड्यावर संसार होत नाही, स्वभावही जुळावा लागतो.

जोड लावणाऱ्याचा स्वार्थ

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. पण स्थळ आणणाऱ्याचाच त्यात काही फायदा असेल तर? आपण लगेच सावध होतो. खेळातही तसंच व्हावं.

२०१७ मध्ये याच अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीला एक पेटंट मिळालं. त्यातली कल्पना अशी, की नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम एखाद्या तरबेज खेळाडूशी घालायची. त्या तरबेज खेळाडूजवळ पैसे मोजून घेतलेली झकपक बंदूक असेल. ती बघून नवख्यालाही ती घ्यावीशी वाटेल. ही कल्पना आम्ही कुठल्याही खेळात वापरलेली नाही, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या, इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या संशोधकांनी काही जणांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. बरोबरीची जोड लावण्यापेक्षा माणूस खेळ सोडून जाणार नाही अशी जोड लावावी, असा त्याचा मतितार्थ. म्हणजे हार-जीत अशा क्रमानं वाढायची की पोरगं उठलं नाही पाहिजे.

मैत्रिणींनो, हे वाचून माझं मन काही वेळ त्याच गोष्टीत अडकून राहिलं. आपलं मूल ज्या खेळात हे चालतं तोच खेळतं, असं मी म्हणत नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. आखाड्यातला पंच सगळ्या गावासमोर उभा असतो. त्यानं विजोड लावली तर त्याला तिथल्या तिथं जाब विचारता येतो. यंत्रातला पंच दिसत नाही, त्याचा नियम सांगितला जात नाही आणि त्याचा पगार खेळ चालवणाराच देतो.

पंगतीला उशीर झाला तर

आता दुसरी तक्रार, उशिरा आत घालण्याची. ‘आर्क रेडर्स’चा एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. पण सगळे एकाच वेळी सुरू करत नाहीत. कुणी मेलं, कुणी बाहेर पडलं की रिकाम्या जागी चालू डावातच नव्याला घालतात. त्याच्या घड्याळात मिनिटं कमी उरलेली. चांगल्या घरांची कुलपं फुटलेली, कपाटं उघडी, आत काही नाही. तिसऱ्या पंगतीला बसावं आणि जिलेबी संपलेली असावी, वाढप्यानं नुसता मठ्ठा फिरवावा, तसं.

कंपनी असं का करते? कारण उघड आहे. जागा भरल्या नाहीत तर मुलूख ओस पडेल, आणि प्रत्येकाला डावाच्या आरंभाची वाट बघत बसावं लागेल. शिवाय तक्रारीची दुसरी बाजूही आहे. जो सुरुवातीपासून आत आहे, तो आता थकला आहे, त्याची औषधं संपली आहेत आणि थैली काठोकाठ भरली आहे. अशा वेळी ताज्या दमाचा, गमावण्यासारखं फारसं नसलेला भिडू दारापाशी दबा धरून बसला, तर अन्याय कुणावर झाला? म्हणून ‘उशिरा आला म्हणजे बिचारा’ असंही सरसकट म्हणता येत नाही.

हा प्रश्न आपल्या अंगणात फार जुना आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकानं तिकडे कबड्डी करून दाखवली, हे आपल्याला अभिमानानं ठाऊक असतं. पण त्या कबड्डीचेच पूर्वी तीन प्रकार होते हे पुष्कळांना माहीत नसतं. ‘संजीवनी’त समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला परत आत येई. ‘गामनी’त बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि ‘अमर’मध्ये शिवलं तरी खेळाडू बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. मेलेल्यानं परत कधी यावं, यावं की नाही, यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी तीन वेगळी उत्तरं काढली होती. तिन्ही न्यायाचीच, कारण मैदानात उतरण्याआधी दोन्ही बाजूंना ठाऊक असत.

आणि आपली भिशी? बारा जणींची भिशी तीन महिने चालली आणि चौथ्या महिन्यात तेरावी आली, तर आपण काय करतो? मागचे तीन हप्ते तिनं भरायचे आणि तिचा नंबर शेवटी. तिला ते आधी सांगतो. पटलं तर ये, नाहीतर पुढच्या वर्षीच्या भिशीत ये. कुणीच म्हणत नाही की अन्याय झाला.

सगळ्यांत शहाणा नियम तर पोरासोरांचाच आहे. लपाछपी रंगात आलेली असते आणि कुणाचं तरी धाकटं भावंडं “मले पण घ्या नं” म्हणत येतं. पोट्टे काय करतात? त्याला ‘कच्चं लिंबू’ करतात! त्यानं खेळायचं, पळायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. उशिरा आलेल्याला आणि कमजोराला आत घ्यायचं, पण त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करून.

गंमत अशी की ‘टार्कोव्ह’नं नकळत हेच कच्चं लिंबू केलं आहे. त्यात ‘स्कॅव्ह’ नावाची एक भूमिका असते. ती घेतली की चालू डावात मागाहून जायचं, हत्यारं खेळच देतो, जशी मिळतील तशी. मेलात तर तुमचं स्वतःचं काहीच जात नाही, निसटलात तर मिळालेलं तुमचं. पण लगेच पुन्हा तसं जाता येत नाही, काही वेळ थांबावं लागतं. उशीर तोच, पण तो आधी सांगितलेला, स्वतः निवडलेला आणि ओझं हलकं केलेला. म्हणून त्यावर कुणी फारसं रडत नाही. रडू येतं ते स्वतःची पुंजी पणाला लावून, न सांगता अर्ध्या डावात टाकलं की.

मला यातून एक साधी गोष्ट कळली. सगळ्यांना सारखंच मिळालं म्हणजे न्याय, असं नाही. नियम आधी सांगितलेला असावा, तो सगळ्यांना एकच असावा, आणि जो मागे आहे त्याचं नुकसान त्या मानानं कमी असावं. एवढं असलं तर हरलेलं मूलही मुकाट्यानं जेवायला येतं.

मग आईनं काय करायचं?

थोड्या कामाच्या गोष्टी सांगते.

हाक वेळेवर मारा. या खेळांचा एक डाव अर्धा तास किंवा त्याहून जरा जास्त चालतो आणि मधेच उठलं तर सगळी कमाई जाते, शिवाय बरोबरच्या भिडूंनाही फटका. “आत्ताच्या आत्ता बंद कर” यावरून घराघरांत जी भांडणं होतात, त्यांचं मूळ इथं आहे. कणीक मळायला घेतलीत की तेव्हाच सांगा, “हा शेवटचा डाव. नवा सुरू करायचा नाही.” आणि मग मात्र त्यावर ठाम राहा. आधी सांगितलेला नियम मूल मानतं. हाच तर आपला आजचा विषय!

तक्रार ऐका आणि वेगळी करा. “तू हरलास म्हणून चिडलास, की नियम चुकीचा होता म्हणून?” एवढा एकच प्रश्न शांतपणे विचारा. पुढचा प्रश्न, “उशिरा आत जाऊन तुला भरलेली थैली मिळाली असती, तर तू हीच तक्रार केली असतीस का?” उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल. लागू द्या.

विकत घेण्याची घाई दिसली की थबका. हरल्यावर लगेच “मम्मी, फक्त तीनशे रुपये” अशी मागणी आली, तर दोन दिवस थांबायचा नियम घरात करा. बहुतेक वेळा दोन दिवसांनी ती बंदूक आठवतही नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं देशात बंदी घातली आहे. बंदुकीचा खेळ आणि पैशाचा जुगार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मूल नेमकं काय खेळतंय ते बघून घ्या, उगाच एकाच काठीनं दोघांना हाकू नका. तसंच खेळावर वयाची खूण असते, ती वाचा. ‘बीजीएमआय’ २०२३ मध्ये परत सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. पण मुलानं वडिलांच्या नावानं खातं उघडलं, तर अशी मर्यादा काय कामाची? खातं कुणाच्या वयाचं आहे, एवढं एकदा विचाराच.

आणि शेवटचं. ऊन उतरलं की त्याला खाली मैदानात पाठवा. यंत्राचा खेळ वाईट म्हणून नव्हे. मैदानात जोड लावायचं काम त्याला स्वतःला करावं लागतं म्हणून. दोन भिडू निवडायचे, ताकद बघून वाटणी करायची, मागाहून आलेल्याला कुठल्या बाजूला घ्यायचं यावर भांडायचं आणि पाच मिनिटांत मिटवायचं. यंत्र हे सगळं त्याच्यासाठी परस्पर करून टाकतं. ज्या मुलानं हे वाटप कधी स्वतः केलंच नाही, त्याला त्यातला अन्याय टोचतो, पण न्याय कसा करायचा ते हाताला येत नाही.

पुढच्या वेळी आतल्या खोलीतून “मॅचमेकिंगच खराब आहे” असं ऐकू आलं, तर पोळी तव्यावरून उतरवा आणि विचारा, “काय झालं रे? नियम काय होता, आणि तो कुणी केला?” बघा, चिरंजीव हेडफोन काढून बोलायला लागतील.